अंगावर काढलेला ताप आणि फ्लूची लस: दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी धागा

जुईली_सिस्टर | १२ मे २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी.

सतरा वर्षं नर्सिंगमध्ये झाली, त्यातली शेवटची सहा इन्फेक्शन कंट्रोलला. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात आहे. दर मे महिन्यात माझ्या हातात एक यादी येते, फ्लूची लस कोणाकोणाला द्यायची त्याची. आणि दरवर्षी यादीतली निम्मी माणसं "नंतर बघू सिस्टर" म्हणतात. मग पाऊस सुरू होतो, ओपीडीत खोकल्याची रांग लागते आणि ते नंतर राहूनच जातं.

हा धागा काढायला कारण २०१७ चं आहे. त्या वर्षी स्वाइन फ्लूने आपल्या राज्यात सातशेहून जास्त माणसं गेली. मी तेव्हा मेडिकल वॉर्डला होते. ऑगस्टमधली गोष्ट. दुपारपासून अंग मोडून आलं होतं, घसा धरला होता. दोन सिस्टर आधीच आजारी, तिसरी बाळंतपणाच्या रजेवर. इन्चार्ज सिस्टरना फोन करायचा धीर झाला नाही. क्रोसिन घेतली, मास्क लावला आणि लागोपाठ तीन नाईट केल्या. आपल्याकडे याला कौतुकाने "ताप अंगावर काढला" म्हणतात.

अकरा नंबरच्या बेडवर एक काका होते. डायलिसिसचे पेशंट, पायाच्या जखमेसाठी दाखल झालेले. पहाटे पाचला बीपी घ्यायला गेले की माझा हात धरून उठून बसायचे आणि खिडकी उघडायला सांगायचे. चौथ्या दिवशी त्यांना ताप भरला. स्वॅब एच१एन१ (स्वाइन फ्लूचा विषाणू) पॉझिटिव्ह आला. आठ दिवस व्हेंटिलेटरवर होते, मग गेले.

माझा स्वॅब कोणी घेतलाच नाही. त्यामुळे विषाणू माझ्याकडून गेला, भेटायला येणाऱ्यांकडून गेला की शेजारच्या बेडवरून, हे कधीच कळणार नाही. पण त्या वर्षी मी लस घेतली नव्हती, एवढं मला माहीत आहे. साठा आला होता. मेट्रन मॅडमनी दोनदा निरोपही पाठवला होता.

लोकांना वाटतं, ताप आला की आपण संसर्ग पसरवायला लागतो. फ्लूचं तसं नाही. विषाणू शरीरात गेल्यावर साधारण एक ते चार दिवसांत लक्षणं दिसतात, आणि लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो दुसऱ्याला देऊ शकतो. पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. काहींना तर जाणवतसुद्धा नाही. १९९३-९४ च्या हिवाळ्यात ग्लासगोतल्या चार रुग्णालयांत ५१८ कर्मचाऱ्यांचं रक्त हंगामाआधी आणि नंतर तपासलं होतं. साथ सौम्य होती, तरी २३ टक्क्यांना फ्लू होऊन गेल्याचं दिसलं. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना आपल्याला फ्लूसारखं काही झाल्याचं आठवत नव्हतं. म्हणजे हे सगळे कामावर होते, पेशंटना हात लावत होते.

लस घेतल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आपल्याकडे मुख्य साथ पावसाबरोबर, जून ते सप्टेंबर. म्हणून आत्ताच लिहितेय. तुमच्याकडे काय चालतं? कोण घेतं, कोण टाळतं आणि का? मोकळेपणाने लिहा. कोणाला बोल लावायचा नाहीये, मीही टाळणाऱ्यांतलीच होते.


कृष्णाकाठ | १२ मे, रात्री ११.२५

ताई, वाचून गलबलून आलं.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका आहे. आमचं गाव पालखी मार्गावर. १८ जूनला देहूहून आणि १९ ला आळंदीहून पालख्या निघतात, ६ जुलैला आषाढी. त्या दिवसांत तंबूत बसून आम्ही दिवसाला शेकडो माणसं तपासतो. कोणाचे पाय सोलवटलेले, कोणाला जुलाब, निम्म्यांना खोकला. म्हातारी माणसं जवळ येऊन, तोंड अगदी आपल्या तोंडापाशी आणून बोलतात, कारण भजनाच्या आवाजात ऐकू येत नाही. आम्हाला झालं तर त्यांना होणार, त्यांना झालं तर आम्हाला.

आमच्याकडे लस येते तेव्हा गरोदर बाया, बीपी-शुगरवाले आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी येते. पण आमच्यातले बरेच जण म्हणतात, पेशंटना आधी देऊ, उरली तर आपण घेऊ. भावना चांगली आहे, पण ती चुकते आहे असं आज पहिल्यांदा वाटलं.


डॉ_सह्यकडा | १३ मे, सकाळी ७.०५

जुईलीताई, अनुभव मनापासून लिहिलात. मी फिजिशियन आहे, दरवर्षी लस घेतो आणि घरच्यांनाही देतो. तरी एक गोष्ट इथे मांडायला हवी, कारण अर्धवट माहितीवर लोकांना पटवलं की पुढच्या वर्षी ते आपलं ऐकत नाहीत.

कर्मचाऱ्यांनी लस घेतली की पेशंट वाचतात, याचा पुरावा आपल्याला वाटतो तितका घट्ट नाही. यातला नेहमी सांगितला जाणारा अभ्यास स्कॉटलंडचाच आहे, १९९६-९७ च्या हिवाळ्यातला. वृद्धांना दीर्घकाळ ठेवणारी २० रुग्णालयं. काही ठिकाणी कर्मचाऱ्यांना लस देऊ केली, तिथे साधारण ५१ टक्क्यांनी घेतली. बाकीच्या ठिकाणी हे प्रमाण ५ टक्के. लस देऊ केलेल्या रुग्णालयांत १३.६ टक्के वृद्ध दगावले, दुसरीकडे २२.४ टक्के. ऐकायला जबरदस्त. पण त्याच अभ्यासात ज्या पेशंटचे नियमित नमुने घेतले, त्यांच्यात फ्लूचा विषाणू सापडण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. मग मृत्यूंतला एवढा फरक फ्लूमुळेच पडला असं छातीठोकपणे कसं म्हणणार? यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे.

आणि लशीचा स्वतःचा परिणाम. विषाणूशी जुळणी चांगली झाली त्या वर्षी, डॉक्टरकडे जावं लागेल इतपत फ्लू होण्याचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. जुळणी फसली तर आणखी कमी. अमेरिकेत २०१४-१५ ला तो आकडा १९ टक्क्यांवर आला होता.

म्हणून मी सक्तीच्या विरोधात आहे. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये सक्ती केली आणि लसीकरण ९७ टक्क्यांच्या वर नेलं, हे खरं. पण कॅनडात ऑन्टारियोतल्या एका रुग्णालयाचा "लस घ्या नाहीतर हंगामभर मास्क लावा" हा नियम २०१५ मध्ये लवादापुढे टिकला नाही. पुरावा पुरेसा नाही, असंच म्हटलं गेलं.

मी काय सांगतो? लस घ्या, कारण तुम्ही स्वतः इतरांपेक्षा जास्त वेळा या विषाणूसमोर उभे राहता. पेशंटला फायदा होण्याची चांगली शक्यता आहे. पण "लस घेतली, आता ताप असला तरी ड्युटीला आलं तरी चालेल" असं कोणी म्हणू लागलं, तर आपण घेतलेलं सगळं पाण्यात.


जुईली_सिस्टर | १३ मे, दुपारी ३.१०

@डॉ_सह्यकडा, बरं झालं लिहिलंत. हे मी वॉर्डात याच शब्दांत सांगेन. शेवटचं वाक्य तर माझ्या मनातलंच आहे. काकांच्या वेळी मी लस घेतली असती तरी मला ताप येऊ शकला असता. मी त्या तीन नाईट करायला नको होत्या. लस आणि घरी थांबायची मुभा, या दोन्ही गोष्टी बरोबर हव्यात.

नियम सोपा आहे: ताप उतरवायची गोळी न घेता २४ तास ताप नसेल तेव्हाच कामावर यायचं. पण हा नियम कागदावर असून उपयोग नाही, दुसऱ्या दिवशी ड्युटी लावणाऱ्या माणसाला तो मान्य असायला हवा.

@कृष्णाकाठ, तुमच्या टीमला आधी घ्यायला सांगा. पालख्या निघायच्या तारखेपासून दोन आठवडे मागे मोजा.


प्रयोगशाळेतून | १३ मे, रात्री ९.३०

मायक्रोबायोलॉजीत तंत्रज्ञ आहे. "दरवर्षी काय तीच तीच लस" असं म्हणणाऱ्यांसाठी लिहितो.

तीच नसते. पुढच्या वेळी लशीचं खोकं हातात आलं तर बारीक अक्षरं वाचा. दक्षिण गोलार्धाच्या २०२५ च्या लशीवर तुम्हाला "ए/व्हिक्टोरिया/४८९७/२०२२" असं दिसेल. पहिलं अक्षर विषाणूचा प्रकार, मग तो सापडला ती जागा (इथे ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य), मग नमुन्याचा क्रमांक आणि शेवटी साल. हा एच१एन१, २००९ च्या स्वाइन फ्लूचाच वंशज. त्याखाली एच३एन२ चा "ए/क्रोएशिया/१०१३६आरव्ही/२०२३" आणि बी प्रकारचा "बी/ऑस्ट्रिया/१३५९४१७/२०२१". तीन विषाणू, तीन देश, तीन सालं. २००९ नंतर बरीच वर्षं एच१एन१ च्या जागी "ए/कॅलिफोर्निया/७/२००९" असायचं. २०१७ मध्ये ते बदलून मिशिगनचा विषाणू आला, कारण मधल्या काळात विषाणू सरकला होता.

हे सरकणं कसं होतं? विषाणूच्या पृष्ठभागावर दोन प्रथिनं असतात, एच आणि एन. एच पेशीला चिकटायला, एन पेशीतून सुटायला. आपली प्रतिकारशक्ती मुख्यतः एच ओळखते. फ्लूचा विषाणू स्वतःची नक्कल करताना भरपूर चुका करतो आणि त्या दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही. त्यामुळे एचचा चेहरा थोडा थोडा बदलत जातो. हा झाला रोजचा बदल. मोठा बदल वेगळा. विषाणूचा जनुकसंच आठ तुकड्यांत असतो. एकाच पेशीत दोन वेगवेगळे फ्लू विषाणू शिरले तर पत्ते पिसल्यासारखे तुकडे मिसळतात आणि कोणाच्याच ओळखीचा नसलेला विषाणू तयार होतो. २००९ चा असाच आला, डुकरांच्या, पक्ष्यांच्या आणि माणसांच्या विषाणूंचे तुकडे घेऊन.

जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा घटक ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. आपण नकाशावर उत्तरेत, पण आपला फ्लू पावसाबरोबर येतो. म्हणून पावसाळ्याआधी मिळणारी दक्षिणेची लस आपल्या कामाची. श्रीनगरला साथ जानेवारी ते मार्चमध्ये असते, त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्यायची. चेन्नई-वेल्लोरकडे ईशान्य मोसमी पावसात जोर असतो. एकाच देशात तीन वेळापत्रकं.

आणखी एक. आधी लशीत चार घटक असायचे. चौथा, बी प्रकारातला यामागाटा वंश, मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही. कोविडच्या काळात लोक घरात बसले, मास्क लावले आणि तो बहुधा संपला. आता शिफारस तीनच घटकांची आहे. बाजारात चारवाली मिळाली तरी बिघडत नाही.


पेठेतला | १४ मे, सकाळी १०.१५

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, तरी लिहितो. पुण्याचा आहे. २००९ चा ऑगस्ट विसरू शकत नाही. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्टला इथेच झाला, शाळेत जाणारी चौदा वर्षांची मुलगी. शाळा, मॉल, थिएटर बंद. दहीहंडीचे दिवस, आणि मास्कसाठी दुकानांपुढे रांगा. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी उभ्या राहिलेल्या रांगेत मी मुलाला कडेवर घेऊन चार तास होतो. पुढे एक सिस्टर बाटलीतून मुलांना पाणी देत फिरत होती. तिला स्वतःला भीती वाटत नसेल का, हे तेव्हा मनात आलं नाही. आज हा धागा वाचताना आलं.

एक प्रश्न. माझी आई सध्या किमोथेरपी घेतेय. वॉर्डात गेल्यावर "तुम्ही फ्लूची लस घेतली आहे का" असं सिस्टरना किंवा डॉक्टरांना विचारलं तर चालतं का? उद्धटपणा वाटेल म्हणून गप्प बसतो.


जुईली_सिस्टर | १४ मे, दुपारी २.००

@पेठेतला, जरूर विचारा. नीट विचारलं तर राग येऊ नये, आणि कोणाला आला तरी तुमच्या आईची काळजी त्याहून मोठी. त्याहूनही उपयोगाचा प्रश्न: "तुम्हाला आज सर्दी-खोकला नाही ना?" तो आमच्यातल्या कोणालाही विचारा, मावशींपासून सर्जनपर्यंत. आणि आईजवळ राहणाऱ्या घरच्या सगळ्यांनी लस घ्या. आईला स्वतःला कधी द्यायची ते कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. इंजेक्शनवाल्या लशीतला विषाणू मेलेला असतो, पण किमोच्या चक्रात कोणत्या दिवशी घेतली यावर परिणाम किती होईल ते ठरतं. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस मात्र त्यांच्यासाठी नाही.


अनुश्री७८ | १४ मे, रात्री ११.५०

निवासी डॉक्टर आहे, पाचवा महिना चालू आहे. कॅज्युअल्टीला ड्युटी. सासूबाई म्हणतात पोटातल्या बाळासाठी कुठलंही इंजेक्शन नको. मला शास्त्र माहीत आहे, पण रात्री दोनला एकटं बसल्यावर मनात शंका येतेच. कोणी घेतली आहे का?


डॉ_सह्यकडा | १५ मे, सकाळी ६.५०

@अनुश्री७८, घे. गरोदरपणात फ्लू जड जातो, फुप्फुसांना जागा कमी आणि हृदयावर ताण जास्त. २००९ मध्ये आयसीयूत पाहिलेल्या बायकांचे चेहरे अजून डोळ्यांपुढे येतात. महाराष्ट्रात सरकारी यंत्रणा दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायांना ही लस फुकट देते ते उगाच नाही. आणि सासूबाईंना एक सांग: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. त्या सहा महिन्यांत त्याला जे संरक्षण मिळतं ते आईकडूनच, तू आत्ता घेतलेल्या लशीमुळे. बाळासाठी नको नाही, बाळासाठीच हवी.


कृष्णाकाठ | १५ मे, सकाळी ८.२०

@अनुश्री७८, मी सातव्या महिन्यात घेतली होती. दोन दिवस दंड दुखला. मुलगी आता पहिलीत आहे.


मीठभाकर | १५ मे, रात्री १०.०५

इथे पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल समजून घ्या.

मी एका मोठ्या रुग्णालयात हाऊसकीपिंगच्या ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. माझ्या हाताखाली बत्तीस मावशी आणि मामा. गेल्या तीन वर्षांत लशीचं पत्रक लागलं, त्यावर लिहिलं होतं "सर्व वैद्यकीय कर्मचाऱ्यांसाठी". मी चौकशीला गेलो तर सांगितलं, तुमची माणसं आमच्या रोलवर नाहीत, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, हॉस्पिटलला विचारा.

आता तुम्हीच सांगा. भांडं कोण देतं? पेशंटला कुशीवर कोण वळवतं? स्ट्रेचर ढकलताना पेशंटच्या तोंडावर वाकून "घाबरू नका बाबा" कोण म्हणतं? आमच्या एका मावशींना वॉर्डातल्या सगळ्या पेशंटची नावं पाठ असतात, कोणाला चहा बिनसाखरेचा तेही. डॉक्टर दिवसातून दोनदा येतात, ती आठ तास तिथेच असते.

आणि सुट्टीचं म्हणाल तर आमच्याकडे खाडा म्हणजे खाडा. त्या दिवसाचे पैसे गेले. दोन खाडे झाले की बदली माणूस येतो आणि तो कायम राहील की काय याची धास्ती. त्यामुळे अंगात ताप असला तरी कोणी सांगत नाही. मला कळतं, डोळ्यांवरून कळतं. मी मुकाट्याने त्यांना स्टोअरला बसवतो, वॉर्डात पाठवत नाही. एवढंच माझ्या हातात आहे.


प्रयोगशाळेतून | १५ मे, रात्री १०.४०

मीठभाकर, तुम्ही जे करता ते मोठं आहे.

मावशींना एवढं सांगा: हा विषाणू स्टीलवर, प्लॅस्टिकवर २४ ते ४८ तास टिकू शकतो. कापडावर-कागदावर त्याहून बराच कमी. बेडचा कठडा, सलाईनचा स्टँड, दाराची कडी पुसणं हे संसर्ग रोखण्याचंच काम आहे. त्याला चरबीचं आवरण असतं, त्यामुळे साबणाने आणि हाताला चोळायच्या सॅनिटायझरने तो लगेच मरतो.


जुईली_सिस्टर | १६ मे, सकाळी ६.३०

@मीठभाकर, रात्री तुमचं वाचलं आणि सकाळी लवकर येऊन आमची यादी काढली. ११८ नावं. एकही कंत्राटी नाही. सहा वर्षं ही यादी माझ्या हातातून जाते आहे आणि मी कधी पाहिलं नाही. एक्स-रेचे दोघं, सिक्युरिटी, कॅन्टीनमधून ट्रॉली घेऊन येणारी मुलं, शववाहिकेचे ड्रायव्हर, कोणीच नाही. आज मेट्रन मॅडमकडे जाते.


वाटसरू_नर्स | १७ मे, दुपारी १.१५

मी घेत नाही, स्पष्ट सांगते. २०१९ ला घेतली, दुसऱ्या दिवशी ताप आणि चार दिवसांनी सणसणीत सर्दी. शिवाय लकवा मारतो असंही वाचलंय. माझी दोन लहान मुलं आहेत.


डॉ_सह्यकडा | १७ मे, रात्री ९.००

@वाटसरू_नर्स, तुमची भीती पोकळ नाही, म्हणून सविस्तर.

दुसऱ्या दिवशीचा ताप लशीचा असू शकतो. अंग दुखणं, कणकण एक-दोन दिवस राहते. तो फ्लू नव्हे, मेलेल्या विषाणूने फ्लू होत नाही. चार दिवसांनंतरची सर्दी दुसऱ्या एखाद्या विषाणूची असणार. श्वसनाचे विषाणू डझनावारी आहेत आणि ही लस फक्त फ्लूवर चालते. शिवाय चार दिवसांत लशीचं संरक्षण तयारच झालेलं नसतं.

लकवा म्हणजे गिलेन-बारे, पायांपासून वर चढणारा अशक्तपणा. ही भीती १९७६ च्या अमेरिकेतली. तिथे फोर्ट डिक्स लष्करी तळावर डुकरांचा फ्लू सापडला, साथ येईल म्हणून कोट्यवधी लोकांना घाईने लस दिली आणि साधारण लाखात एक जास्तीचा गिलेन-बारेचा रुग्ण दिसला. साथ आलीच नाही, मोहीम थांबवली. तेव्हापासून यावर कायम नजर आहे. आत्ताच्या लशींत काही हंगामांत दहा लाखांत एक-दोन जास्तीचे रुग्ण दिसले, काहींत तेवढेही नाही. आणि खुद्द फ्लू झाल्यावरही गिलेन-बारे होतो, लशीपेक्षा जास्त वेळा. आधी कधी लस घेतल्यावर सहा आठवड्यांत तुम्हाला तसा त्रास झाला असेल तर मात्र डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

कोणी विचारायच्या आत: अंड्याची ॲलर्जी असली तरी आता ही लस देता येते. मात्र मागच्या वेळी फ्लूच्या लशीचीच गंभीर ॲलर्जी आली असेल तर नाही.


वाटसरू_नर्स | १८ मे, सकाळी ९.४०

धन्यवाद डॉक्टर. चार दिवसांच्या हिशोबाचं मी असं कधी मोजलं नव्हतं. विचार करते. अजून हो म्हणत नाही.


थेम्सकाठी | १९ मे, रात्री २.२०

इंग्लंडमध्ये नर्स आहे, मूळची मिरजेची. इथे लस फुकट, वॉर्डात येऊन देतात, सहकाऱ्यालाच शिकवून टोचायला उभं करतात म्हणजे वेळ मोडायला नको. कोविडच्या पहिल्या हिवाळ्यात, २०२०-२१ ला, थेट पेशंटशी संबंध येणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी घेतली होती. यंदा तो आकडा चाळीस टक्क्यांच्याही खाली गेला. सोय सगळी आहे, पण माणसं थकली आहेत, लशींचं नाव काढलं की चेहरे बंद होतात.

मला स्वतःला एकाच गोष्टीने पटवलं. आमच्या वॉर्डातल्या फिलिपिनो सिस्टरने स्वतःचा दंड पुढे केला आणि म्हणाली, आधी तू मला दे, मग मी तुला देते. भाषणं मी खूप ऐकली होती.


आजोळ | २० मे, सायंकाळी ५.३०

माझी पणजी "मानमोडीच्या साली" असं म्हणायची. लहानपणी वाटायचं, भुताखेताची गोष्ट. नंतर कळलं, मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. त्या जूनमध्ये मुंबईत गोदीवर पहारा देणारे पोलीस शिपाई पहिल्यांदा तापाने पडले आणि तिथून रेल्वेने तो देशभर गेला. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. तेव्हा विषाणू म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, माणसातला फ्लूचा विषाणू सापडायला १९३३ उजाडलं. पणजीच्या घरची पाच माणसं आठवड्यात गेली, तिला शेजारणीने पेज पाजून जगवलं. ती शेजारीणही मग पडली.


जुईली_सिस्टर | २७ मे, रात्री ९.१५

पाऊस यंदा लवकर आला, काल मुंबईत मान्सून दाखल झाल्याचं जाहीर झालं. इथेही सकाळपासून धरून आहे. ओपीडीत तापाचे पेशंट वाढायला लागले आहेत, त्यात पुन्हा कोविडच्या बातम्या. म्हणून काय काय झालं ते लिहून ठेवते.

मेट्रन मॅडमनी ऐकून घेतलं. यादी ११८ वरून १८३ वर गेली. जास्तीच्या डोसचे पैसे कोण देणार यावर चार दिवस गेले. शेवटी निम्मे ट्रस्टने, निम्मे ठेकेदाराने असं ठरलं.

आधी आम्ही लस दुपारी दोन ते चार ओपीडीत द्यायचो. नाईटवाल्या तेव्हा झोपलेल्या, मावशींची जेवणं वाढायची वेळ. यंदा मी व्हॅक्सिन कॅरियर घेऊन सकाळी पावणेसातला, ओव्हर देण्या-घेण्याच्या वेळी (नाईटवाल्या दिवसपाळीला पेशंट सोपवतात तेव्हा) वॉर्डात गेले. थेम्सकाठी यांचं वाचून पहिल्या दिवशी स्वतःचा दंड आधी पुढे केला, आमच्या सर्वांत जुन्या मावशींच्या समोर. त्यांनी सिरिंज बघितली, माझा चेहरा बघितला, पदर सारला आणि म्हणाल्या, "बावीस वर्षं झाली बाई, मला कोणी विचारलं नव्हतं. घरी नात आहे चार महिन्यांची." मग मागे वळून इतरांना हाका मारल्या. त्या सकाळी एका वॉर्डात सतरा डोस झाले. आजपर्यंत १४१.

रजेचं अर्धंच जमलं. ताप-खोकला असेल तर पहिले दोन दिवस सर्टिफिकेट न मागता पगारी रजा, हे कायम कर्मचाऱ्यांसाठी सप्टेंबरअखेरपर्यंत मान्य झालं. कंत्राटी लोकांसाठी ठेकेदार तयार नाही. मी पुन्हा अर्ज दिलाय, त्यात लिहिलंय की तापातली एक मावशी वॉर्डात आल्याने आयसीयूत एक पेशंट वाढला तर त्याचा खर्च तिच्या दोन दिवसांच्या रोजापेक्षा कितीतरी जास्त. उत्तर आलेलं नाही.


मीठभाकर | २७ मे, रात्री १०.५०

सिस्टर, तुमच्या अर्जाची प्रत इथे टाकाल का? नावं काढून. आमच्याकडेही देतो. माझ्या बत्तिसांपैकी अकरा जणांनी आरोग्य केंद्रात जाऊन घेतली, तिथल्या ताईंनी नाही म्हटलं नाही.


वाटसरू_नर्स | २८ मे, सकाळी ७.५५

काल घेतली. दंड दुखतोय.


कृष्णाकाठ | २८ मे, दुपारी १२.३०

आमच्या पथकातले चौदा जण झाले, ॲम्ब्युलन्सचे दोन ड्रायव्हर राहिलेत. पालख्या निघायच्या आत दोन आठवडे मिळावेत म्हणून ४ जूनची तारीख धरली आहे. साठा आयएलआरमध्ये (लशींच्या खास फ्रीजमध्ये) ठेवलाय, दोन ते आठ अंशांत. काल पावसाने तीन तास लाईट नव्हती, पण तापमान सहाच्या वर गेलं नाही, तासाने तासाने उठून पाहत होते.